गळाला मासा सोडून भलतंच काही लागलं तर काय करायचं

२००७ साली दक्षिण कोरियात, तेआनच्या किनाऱ्याजवळ एका मच्छीमाराला छोटा ऑक्टोपस मिळाला आणि त्या ऑक्टोपसने सोंडांनी एक हिरवट ताटली घट्ट धरून ठेवली होती. हे ऑक्टोपस लपायला जागा शोधतात आणि मिळेल तो शिंपला, दगड ओढून तोंडाशी दार लावून घेतात, याला दार म्हणून ताटली सापडली. आता हा माणूस ती ताटली धुवून घरी फळीवर ठेवू शकला असता, कोणाला कळलंही नसतं. पण त्याने कळवलं, आणि महत्त्वाचं म्हणजे कुठे सापडली ते सांगितलं, मग पाणबुडे तिथे उतरले आणि गाळाखाली अख्खं जुनं जहाज निघालं, कोरियाच्या जुन्या गोर्यो राजवटीतली सेलाडॉनची, म्हणजे हिरवट झिलईच्या चिनीमातीची भांडी भरलेलं, २०,००० पेक्षा जास्त भांडी!

हा किस्सा मी सगळ्यात आधी सांगतो कारण मला जे सांगायचंय ते यातच आहे. पाण्यातून वर आलेली वस्तू म्हणजे अर्धीच गोष्ट असते, उरलेली अर्धी ती जिथून आली तिथे असते. ती जागा विसरलात किंवा वस्तू घासून पुसून चकाचक केलीत की हातात उरते ती नुसती शोभेची चीज. म्हणून खाली जे लिहिलंय ते बरंचसं पहिल्या पाच-दहा मिनिटांत काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही याबद्दल आहे.

पाण्यात असतानाच ओळखा

मासा आहे की वस्तू हे हाताला कळतं. मासा झटके देतो, मध्येच थांबतो, परत पळतो. वस्तू नुसती जड लागते, काठी वाकते पण दोरीत जीव नसतो, आणि थोडी थोडी सरकत येत असेल तर बहुतेक ओंडका, जुनं जाळं नाहीतर गाळाने भरलेलं काहीतरी असतं. अशा वेळी जोरात हिसका मारायचा मोह आवरा. ताणलेली दोरी तुटली किंवा गळ निसटला की शिशाचं वजन सरळ तोंडाच्या दिशेने येतं, गोळीसारखं, डोळा जाऊ शकतो. तोंड बाजूला वळवा, काठी खाली करा, आणि दोरी हाताने ओढायचीच असेल तर उघड्या हाताला कधीही गुंडाळू नका, विणलेली दोरी बोटात शिरते आणि हाडापर्यंत जाते. एक लाकडाचा दांडा घ्यायचा, दोरी त्याला चार वेढे द्यायची आणि सावकाश, एकसारखा ताण ठेवून मागे चालायचं.

वस्तू पाण्याच्या पृष्ठभागापाशी आली की थांबा. वर काढू नका लगेच. पाण्यात असतानाच नीट बघा, शक्य असेल तर एक फोटो काढा. हे मिनिटभर थांबणं का, ते पुढे सांगतोच.

बोटीवरून जाळं किंवा नांगर टाकलाय आणि वर एक जाड काळी केबल अडकून आली, तर ती कापायचा विचारसुद्धा करू नका. समुद्राखालच्या केबलमधून मधल्या यंत्रांसाठी वीज जाते आणि लांब पल्ल्याच्या केबलमध्ये ती हजारो व्होल्टची असते, १०,००० पर्यंत. जागा नोंदवा, हळू खाली सोडून बघा, आणि नाहीच सुटली तर आपलं जाळं किंवा नांगर तोडून सोडून द्या. नुकसान होतं हे मान्य आहे, पण १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारात कलम ११५ नेमकं यासाठीच आहे, केबल वाचवायला तुम्ही नांगर किंवा जाळं सोडलंत आणि आधी योग्य ती काळजी घेतली होतीत हे दाखवता आलं तर केबलच्या मालकाने भरपाई द्यायची असते. म्हणून तेव्हाच फोटो काढा, वेळ लिहा, बोटीवर आणखी कोण होतं ते लिहा.

ज्याला हात लावायचा नाही

आता ते थांबायचं कारण. गंजलेला नळकांड्यासारखा आकार, एका बाजूला निमुळता, मागे पंख्यासारखे पत्रे, किंवा नुसता शिंपले चिकटलेला गोल जड गोळा, असं काही दिसलं तर ते बॉम्ब, तोफगोळा किंवा सुरुंग असू शकतो. जुना आहे, इतकी वर्षं पाण्यात होता, आता काय होणार, असं वाटतं ना, तीच चूक आहे. २००५ साली उत्तर समुद्रात एका डच मासेमारी बोटीच्या जाळ्यात दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब आला आणि डेकवर फुटला, तीन जण गेले. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या क्रोमरजवळ खेकडे पकडणाऱ्या बोटीखाली असाच जुना बॉम्ब तळाशीच फुटला, बोटीवरचे खलाशी गंभीर जखमी झाले, बोट वर उचलली गेली पाण्यातून. बाहेरचं लोखंड गंजतं, आतली दारू तशीच राहते, उलट कधी कधी जास्त नाजूक होते.

तर अजून पाण्यात असेल तर हळूच खाली सोडा, दोरी कापा, जागा नोंदवा, लांब जा, आणि तटरक्षक दलाला किंवा पोलिसांना कळवा. समुद्रात असाल तर व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६, तो सगळीकडे संकटासाठी ऐकला जातो. डेकवर आलाच असेल तर घाबरून परत पाण्यात ढकलू नका, आपटला तर तेव्हाच घात होईल. गडगडणार नाही असा अडकवा, ओला ठेवा, उन्हापासून आणि इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, सगळ्यांना बोटीच्या दुसऱ्या टोकाला पाठवा आणि रेडिओवर जे सांगतील ते करा.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे कारण तो बॉम्बसारखा दिसतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्रात रासायनिक दारूगोळा टाकून दिला गेला, सुमारे ४०,००० टन, आणि बोर्नहोम बेटाच्या आसपास मच्छीमारांच्या जाळ्यात आजही मस्टर्ड गॅसचे गोळे येतात. नाव गॅस असलं तरी थंड पाण्यात तो घट्ट होतो, पिवळट तपकिरी, मातीच्या ढेकळासारखा. हात लावल्यावर लगेच काहीच होत नाही, काही तासांनी कातडीवर फोड येतात, डोळे जळायला लागतात, म्हणजे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ओळखता न येणारं चिकट ढेकूळ, त्याला लसणासारखा किंवा मोहरीसारखा उग्र वास, असं असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा, लागलेले कपडे काढा, भरपूर पाण्याने धुवा, आणि डॉक्टरांना संशय काय आहे ते स्पष्ट सांगा.

आणि अंबर, म्हणजे जुन्या झाडांचा गोठून दगडासारखा झालेला डिंक, तो शोधणाऱ्यांसाठी खास. त्याच बाल्टिकच्या किनाऱ्यांवर पांढऱ्या फॉस्फरसचे खडे सापडतात, जुन्या आगबॉम्बमधले, आणि ते दिसायला हुबेहूब अंबरसारखे असतात, मधाच्या रंगाचे. ओले असतात तोवर गप्प. खिशात ठेवले, वाळले, अंगाच्या उबेने तापले की साधारण ३० अंशांना आपोआप पेट घेतात. लोकांच्या मांड्या भाजल्यात अशा. म्हणून कुठलाही मधाळ पिवळा खडा खिशात टाकायचा नाही, पत्र्याच्या डबीत ठेवायचा आणि ती डबी अंगापासून लांब. पुरता वाळून बराच वेळ गेला आणि काही झालं नाही, की मग अंबर आहे का ते बघायचं. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला आणि खडा सोडा, अंबर तरंगतं, काच आणि दगड बुडतात. काही प्लॅस्टिकही तरंगतं, तेव्हा एवढ्यावर नाचू नका.

सुंदर शंखांचंही तेच. कोन जातीचे शंख, नक्षीदार, आइस्क्रीमच्या कोनासारखे, आत प्राणी जिवंत असेल तर विषारी सुईसारखा दात मारतात, मोठ्या जातींच्या दंशाने माणसं मेलीत आणि त्यावर उतारा नाही. जाळ्यात आला तर हाताने उचलू नका, चिमट्याने किंवा फावड्याने उचलून परत पाण्यात.

पहिली दोन मिनिटं, फोन आणि पट्टी

धोक्याचं नाही हे नक्की झालं की वस्तू ओल्या फडक्यावर ठेवा आणि फोटो काढा, पण नुसता एक सुंदर फोटो नको. शेजारी पट्टी ठेवा, पट्टी नसेल तर नाणं, काडेपेटी, काहीही ज्याचा आकार सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या बाजूंनी काढा, खालून पण, आणि एक फोटो आजूबाजूचा, म्हणजे किनारा कसा दिसत होता, कुठल्या बाजूला खडक होता. फोनमध्ये लोकेशन चालू आहे का बघा, आणि तरीही अक्षांश-रेखांश कागदावर लिहा, फोन पाण्यात पडतात. खोली किती होती, भरती होती की ओहोटी, गळ किती लांब टाकला होता, तळ कसा लागला, रेती का चिखल का खडक. गाळ चिकटलेला असेल तर तो धुवून टाकू नका, चमचाभर एका पिशवीत भरून ठेवा, वस्तू कुठल्या थरात होती ते त्या गाळावरून कळू शकतं.

एवढं कशाला? कारण नोंद हीच वस्तू वाचवते. १९३८ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनच्या धक्क्यावर एका ट्रॉलरमधून निळसर रंगाचा, हातापायांसारखे जाड पर असलेला मासा उतरला, दीड मीटर लांब, ५७ किलोचा. तांडेलाने म्युझियमच्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना आठवणीने कळवलं होतं. त्यांनी तो टॅक्सीत घातला, पण ठेवणार कुठे, शवागाराने नाही म्हटलं, शीतगृहाने नाही म्हटलं, शेवटी त्यात पेंढा भरावा लागला आणि आतले सगळे अवयव गेले. तरी त्यांनी एक गोष्ट केली होती, माशाचं साधं रेखाचित्र काढून, मापं लिहून प्राध्यापक स्मिथना पत्राने पाठवलं. त्या चित्रावरून ओळख पटली की हा सीलाकँथ, जो डायनोसॉरच्या काळातच संपला असं सगळे धरून चालले होते! पुढचा नमुना मिळायला १९५२ उजाडलं. मी ते रेखाचित्र पाहिलंय, चार रेघा आणि थोड्या टिपा, एवढंच आहे ते, पण बघताना अंगावर काटा आला होता.

जागा सांगितल्याने काय होतं आणि लपवल्याने काय होतं, याची इटलीतली दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवतो. सिसिलीच्या मझारा देल वाल्लोच्या बोटीला १९९७ मध्ये जाळ्यात ब्राँझचा नुसता एक पाय मिळाला. १९९८ च्या मार्चमध्ये त्याच बोटीला, सुमारे ५०० मीटर खोलीवरून, नाचणाऱ्या सॅटरचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या वनदेवतेचं, धड मिळालं, केस मागे उडालेले, मान मागे टाकलेली. आज तो पुतळा त्याच गावच्या म्युझियममध्ये आहे. याउलट १९६४ मध्ये फानो गावच्या मच्छीमारांना एड्रियाटिक समुद्रात ग्रीक तरुणाचा ब्राँझ पुतळा मिळाला, तो त्यांनी कोणाला न सांगता आणला, काही काळ कोबीच्या शेतात पुरून ठेवला, मग हातोहात विकत विकत तो अमेरिकेत गेट्टी म्युझियमला पोचला. नेमका कुठल्या पाण्यात सापडला यावरच वाद, आणि खटला इतका लांबला की २०२४ च्या मे महिन्यात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने इटलीच्या बाजूने निकाल दिला. साठ वर्षं!

ओलंच ठेवा, प्लीज ओलंच ठेवा

हा भाग मी सगळ्यात कळकळीने लिहितोय कारण माझ्या हातून एक वस्तू गेलीय. खाडीत गळाला एक कुलूप लागलं होतं, तळहाताएवढं, जुन्या पद्धतीचं, किल्लीच्या भोकावर छोटंसं सरकणारं झाकण होतं आणि ते झाकण चक्क हलत होतं. मी घरी आणलं, तारेच्या ब्रशने घासलं, उन्हात वाळवलं, तेल लावलं, छान काळं झालं. तीन-चार महिन्यांत त्यावर घामासारखे तपकिरी थेंब यायला लागले, मग पापुद्रे सुटायला लागले, आणि वर्षभरात ते झाकण, ज्याचं मला सगळ्यात कौतुक होतं, ते बोटाने दाबल्यावर चुरा होऊन पडलं. नंतर समजलं की खाऱ्या पाण्यातल्या लोखंडाच्या आतपर्यंत मीठ शिरलेलं असतं, हवा लागली आणि वाळलं की तेच मीठ आतून लोखंड खायला लागतं. जोवर पाण्यात होतं तोवर ते कुलूप टिकलं होतं, मी बाहेर काढून ते संपवलं.

लाकडाचं तर याहून वाईट. पाण्यात बुडालेल्या जुन्या लाकडाच्या पेशी आतून कुजलेल्या असतात आणि त्यांचा आकार आतल्या पाण्याने टिकवून धरलेला असतो. पाणी गेलं की पेशी कोसळतात, लाकूड आक्रसतं, तडकतं, आणि मग कितीही भिजवलं तरी परत फुगत नाही. स्वीडनचं वासा जहाज ३३३ वर्षांनी १९६१ मध्ये वर काढलं तेव्हा त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं मेणासारखं द्रव्य फवारत होते, सतरा वर्षं, पाण्याच्या जागी हळूहळू ते भरावं म्हणून. आपल्याकडे सतरा वर्षं नाहीत, पण झाकणाची बादली आहे.

तर बादलीत ज्या पाण्यातून वस्तू काढली तेच पाणी भरा, वस्तू पूर्ण बुडेल एवढं, झाकण लावा, सावलीत थंड जागी ठेवा. मोठी असेल तर ओल्या कापडात गुंडाळून वरून प्लॅस्टिक, आणि कापड वाळत नाही ना ते सारखं बघत राहायचं. वेगवेगळे धातू एका बादलीत नको, लोखंड वेगळं, तांबं-पितळ वेगळं, लाकूड-चामडं-दोरखंड वेगळं. खापरं आणि चिनीमाती टिकाऊ वाटतात पण त्यांच्यातही मीठ मुरलेलं असतं, वाळताना त्याचे खडे होतात आणि वरची झिलई टवके उडून निघते, म्हणून तीही ओलीच. व्हिनेगर, लिंबू, ब्लीच, टूथपेस्ट, यातलं काहीही लावायचं नाही. हिरवट नाण्यावरचा थर खरवडायचा नाही, बऱ्याचदा छाप त्या थरातच शिल्लक असतो, खरवडलं की छाप पण गेला.

आणि ढेकूळ आलं तर फोडू नका हो. लोखंडाभोवती रेती, शिंपले, गंज यांचं दगडासारखं कवच जमतं, आतलं लोखंड कधी पूर्ण विरघळून गेलेलं असतं पण त्या पोकळीत वस्तूचा साचा शाबूत असतो, एक्स-रे काढून तज्ज्ञ तो वाचतात. १९३१ मध्ये उत्तर समुद्रात कॉलिंडा नावाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचं, म्हणजे पीटचं, मोठं ढेकूळ आलं. असली ढेकळं रोज यायची आणि परत फेकली जायची. तांडेलाने फावडं मारलं तर आत काहीतरी कडक लागलं, निघालं शिंगाचं दातेरी टोक, २१ सेंटीमीटरच्या थोडं वर, भाल्याला लावायचं. त्या टोकामुळे लोकांना पटायला लागलं की या समुद्राच्या तळाशी कधीकाळी जमीन होती आणि तिथे माणसं शिकार करत होती. आज त्या बुडालेल्या प्रदेशाला डॉगरलँड म्हणतात, साधारण ८,००० वर्षांपूर्वी तो पाण्याखाली गेला. फावडं थोडं इकडे बसलं असतं तर त्या टोकाचे दोन तुकडे झाले असते.

त्याच भागात मॅमथचे दात पण जाळ्यात येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो जाड बुटाचा तळवा वाटतो, वर आडव्या रेघा, जणू पावाचे स्लाइस उभे करून घट्ट दाबलेत. असं किंवा कुठलंही काळपट, नेहमीपेक्षा जड हाड आलं तर तेही ओलं ठेवा. समुद्रातलं असेल तर गोड्या पाण्यात बुडवून पाणी बदलत राहा, आठवडे लागतात मीठ निघायला, आणि शेवटी वाळवायचं ते सावलीत, अगदी हळू, फडक्यात गुंडाळून.

हाड माणसाचं असेल अशी जरा जरी शंका आली तर मात्र थांबायचं, तिथेच ठेवायचं, फोटो, जागा, आणि पोलीस, बाकी काही नाही.

माशाच्या पोटात आणि तोंडात

मासा साफ करताना पोट चिरलं की एकदा नीट बघायची सवय लावा. दुष्यंताची अंगठी माशाच्या पोटात सापडली ती गोष्ट लहानपणापासून ऐकतो आपण, पण खरी उदाहरणंही कमी नाहीत. १७९९ मध्ये कॅरिबियन समुद्रात नॅन्सी नावाचं जहाज इंग्रजांनी पकडलं, कप्तानाने खरे कागद समुद्रात फेकून खोटे दाखवले. तिकडे दुसऱ्या जहाजाने एक शार्क पकडला आणि त्याच्या पोटात तेच खरे कागद! जमैकाच्या कोर्टात ते पुरावा म्हणून चालले आणि आजही जमैकात जपून ठेवलेत. १९३५ मध्ये सिडनीत तर मत्स्यालयात ठेवलेल्या टायगर शार्कने लोकांसमोर माणसाचा हात ओकून टाकला, त्यावर दोन बॉक्सरचं गोंदण होतं, ते आणि बोटांचे ठसे यावरून ओळख पटली, आणि हात शार्कने तोडलेला नाही, सुरीने कापलेला आहे हे लक्षात आल्यावर खुनाचा तपास सुरू झाला.

रोजच्या माशात सापडतात त्या गोष्टी जास्त साध्या आहेत पण मला त्याच जास्त आवडतात. घोळ, ढोमा असल्या माशांच्या डोक्यात दोन पांढरे खडे मिळतात, गुळगुळीत, एका बाजूला खाच. लोकांना वाटतं मोती. ते माशाच्या कानातले दगड, ओटोलिथ, त्यांनी माशाला तोल आणि आवाज कळतो, आणि मधोमध कापून बघितलं तर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं दिसतात, माशाचं वय मोजता येतं. तोंड उघडल्यावर जिभेच्या जागी डोळे असलेला पांढरा किडा दिसला तर दचकाल, पण तो सायमोथोआ जातीचा परजीवी आहे, माशाच्या जिभेचं रक्त पितो, जीभ झडते, आणि हा त्या जागी चिकटून बसतो. माणसाला त्याच्यापासून अपाय नाही, काढून टाका, मासा खाता येतो.

किनाऱ्यावर आणि जाळ्यात येणाऱ्या काही गोष्टी नुसत्या ओळखून सोडून द्यायच्या. चारी कोपऱ्यांना शिंगं असलेली काळी चामड्याची थैली म्हणजे स्केट माशाचं अंडं, धागे असलेलं असेल तर बहुधा छोट्या शार्कचं, जड आणि ओलं लागलं तर आत पिल्लू असू शकतं, परत पाण्यात. हलकं पांढरं होडीसारखं हाड म्हणजे समुद्रफेन, माकूळजातीच्या प्राण्याच्या पाठीतलं. तरंगणारा दगड दिसला तर तो ज्वालामुखीचा प्युमिस.

अंबरग्रिसबद्दल जरा थांबून सांगतो कारण राखाडी मेणचट गोळा सापडला की लोक लगेच लॉटरी लागली समजतात. ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, आत माकुळांच्या काळ्या चोची अडकलेल्या दिसतात. पण सापडणारे बहुतेक गोळे पॅराफिन नाहीतर घट्ट झालेलं पाम तेल असतात, आणि ते तेलाचे गोळे कुत्र्यांनी खाल्ले तर कुत्री मरतात, तेव्हा कुत्रं बरोबर असेल तर लांब ठेवा. आणि खरं असलं तरी भारत, अमेरिका अशा देशांत ते बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे. फोटो काढा, वन खात्याला कळवा.

कोणाला द्यायचं

जवळच्या म्युझियमला किंवा पुरातत्त्व खात्याला फोन करा, वस्तू घेऊन थेट जाऊ नका, आधी फोटो आणि नोंदी पाठवा. बऱ्याच देशांत जुन्या जहाजांवरची वस्तू सापडणाऱ्याची होत नाही, कळवणं सक्तीचं असतं, ब्रिटनमध्ये तर २८ दिवसांत. १०० वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली असलेल्या मानवी खुणा युनेस्कोच्या २००१ च्या करारात सांस्कृतिक वारसा म्हणून धरल्यात. देताना लेखी पोच मागा, त्यात सापडण्याची तारीख आणि तुमचं नाव असू द्या. जागेची नोंद त्यांनाच द्या, सोशल मीडियावर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे लोक लोहचुंबक आणि गळ घेऊन पोचतात.

काही वस्तू मात्र कोणीतरी मुद्दाम, परत मिळाव्यात म्हणूनच पाण्यात सोडलेल्या असतात. २०१२ मध्ये शेटलंडच्या पूर्वेला एका स्कॉटिश बोटीच्या जाळ्यात १९१४ च्या जूनमध्ये टाकलेली बाटली आली, जवळजवळ ९८ वर्षं जुनी. ग्लासगोच्या नौकानयन शाळेने अशा १,८९० बाटल्या प्रवाह समजून घ्यायला सोडल्या होत्या, त्या तळाजवळून वाहाव्यात अशाच बनवलेल्या, आत कार्ड, परत पाठवणाऱ्याला सहा पेन्स. सगळ्यात जुनी बाटली म्हणून तेव्हा तो विक्रम ठरला, आणि आधीचा विक्रमही त्याच बोटीच्या नावावर होता! आता त्याच कामासाठी आर्गो फ्लोट आहेत, माणसाएवढा नळकांडा, वर अँटेना, जगभरात सुमारे ४,०००, दर दहा दिवसांनी २,००० मीटर खाली जाऊन तापमान आणि खारेपणा मोजून वर येतात. असा काही सापडला तर उघडू नका, आत बॅटऱ्या असतात आणि दाब साठलेला असू शकतो, वरचं लेबल वाचून कळवा.

माशांचे टॅग सगळ्यात जास्त मिळतात आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतात. पाठीच्या पराजवळ शेवयासारखी पातळ प्लॅस्टिकची नळी लटकत असते, शेवाळ चढलेलं असतं, दोरीचा तुकडा समजून लोक उपटून टाकतात. अंगठ्याने शेवाळ पुसा, नंबर आणि पत्ता दिसेल. मासा सोडणार असाल तर टॅग तसाच राहू द्या, फक्त नंबरचा फोटो, नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, तारीख, जागा. मला एकदाच मिळाला होता असा. महिन्याभराने उत्तर आलं, टॅग लावला तेव्हा तो मासा माझ्या वितीपेक्षा जरासा मोठा होता, आणि माझ्या हातात आला तेव्हा बोटांपासून कोपरापर्यंत भरला होता, दोन हिवाळे काढून. मी त्याला सोडला होता, नंबर अजून वहीत आहे.